पुलावरच्या बापाची गोष्ट

पत्र:

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गुड फ्रायडेच्या आधी रविवारच्या शाळेत तिला एक गोष्ट सांगितली. रेल्वेचा उघडमीट होणारा पूल सांभाळणारा एक माणूस असतो. पूल उघडा आहे आणि गाडी भरधाव येते आहे. तेवढ्यात त्याला दिसतं, की आपला लहान मुलगा खाली यंत्राच्या दातेरी चाकांत उतरला आहे. पूल मिटवला तर मुलगा चिरडणार, नाही मिटवला तर गाडीतले शेकडो लोक नदीत. बाप कळ ओढतो. गाडी सुखरूप जाते, प्रवासी खिडकीतून हात हलवतात, त्यांना काही पत्ताच नसतो. 'देवाने आपल्यासाठी असंच केलं,' असं बाईंनी सांगितलं. त्या रात्रीपासून मुलगी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला तयार नाही. मला म्हणाली, 'बाबा पण असं करतील?' मी तिला पोटाशी धरलं, पण उत्तर सुचलं नाही. खरं सांगू, आता मलाही प्रार्थना जमेनाशी झाली आहे. देवाला क्षमाच करायची होती, तर रक्त कशाला हवं होतं? आणि हे मला पटत नसेल, तर माझं तारण झालं आहे की नाही? मला अगं-तूगं करा, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.

उत्तर:

तुझ्या मुलीने गोष्ट नीट ऐकली, म्हणून ती घाबरली. मोठी माणसं अशा गोष्टीत प्रवाशांच्या जागी बसून ऐकतात. ती त्या चाकांत उतरलेल्या मुलाच्या जागी बसली. लहान मूल दुसरं कुठे बसणार?

म्हणून बाकीचं सगळं वाचण्याआधी आज रात्री तिला दोन वाक्यं सांग. बाबा असं कधीच करणार नाहीत. आणि देवानेही असं केलेलं नाही. दुसरं वाक्य तुला खात्रीने म्हणता यावं म्हणून पुढचं लिहिते आहे.

ती गोष्ट सांगणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. किती तरी व्यासपीठांवरून ती सांगितली जाते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. पण तिच्यातला मुलगा बघ. त्याला काय होतं आहे हे ठाऊक नाही, त्याला कुणी विचारलेलं नाही. शुभवर्तमानातला येशू मात्र स्वतः म्हणतो, की माझा प्राण माझ्यापासून कुणी हिरावून घेत नाही, मी होऊन तो देतो (योहान १०:१८). आता तिच्यातला बाप बघ. तो यंत्रापुढे हतबल आहे. पूल त्याने बांधलेला नाही, गाडीचं वेळापत्रक त्याच्या हातात नाही. म्हणजे त्या गोष्टीत देवाच्याही वर एक यंत्र बसलेलं आहे आणि देव त्याचा नोकर आहे. आणि सगळ्यात मोठी चूक तिसरीच: त्या गोष्टीत बाप वर सुरक्षित उभा आहे आणि मरतो दुसराच कुणी.

ख्रिस्ती श्रद्धेचा कणाच इथे मोडतो. मंडळीने, म्हणजे चर्चने, इ.स. ३२५ साली निकेया इथल्या धर्मसभेत ठामपणे सांगितलं, की पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे. तो देवाने निर्माण केलेला कुणी दुय्यम जीव नाही. हा वाद तेव्हा केवळ शब्दांचा नव्हता आणि आजही नाही. पुत्र जर देवापेक्षा वेगळा कुणी असेल, तर क्रूस म्हणजे देवाने तिसऱ्यालाच पुढे करून आपला हिशेब भागवणं. पुत्र जर खरोखर देव असेल, तर क्रुसावर देव स्वतः आला आहे. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो, की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. वाक्याची रचना पाहा: समेट करणारा देव आहे. देवाची समजूत काढायला दुसरं कुणी निघालेलं नाही.

तू म्हणशील, मग 'देवाने आपल्या पुत्राला राखून न ठेवता आपल्या सर्वांसाठी दिलं' हे रोमकरांसच्या पत्रात आहे त्याचं काय? आहेच, आणि पुलाची गोष्ट तिथूनच निघाली असावी. पण मूळ ग्रीकमध्ये तिथे जे 'देणं, स्वाधीन करणं' आहे, तेच क्रियापद गलतीकरांसच्या पत्रात पुत्रासाठी आलं आहे: त्याने माझ्यावर प्रीती केली आणि माझ्यासाठी स्वतःला दिलं. पिता देतो आणि पुत्र स्वतःला देतो, हे दोन्ही एकाच दमात वाचायचं. एक वाक्य दुसऱ्यावाचून सांगितलं की पुलावरचा बाप तयार होतो.

आता रक्ताचा प्रश्न. यात आपल्या मराठी शब्दांनीही थोडा घोळ केला आहे. 'तारण' म्हटलं की कर्जासाठी गहाण ठेवलेलं घर डोळ्यांपुढे येतं. 'खंडणी' म्हटलं की धमकीचा फोन. आणि मराठी बायबलात येशू म्हणतो, की मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. आजच्या कानाला ते भयंकर वाटतं, कारण मनात लगेच येतं: खंडणी मागणारा कोण? मूळ ग्रीक शब्द 'लुट्रॉन' हा गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवताना भरायच्या मोलाचा शब्द आहे. त्यात भर आहे तो सुटलेल्या माणसावर. आणि 'तारण' हे मुळात 'देव तारी त्याला कोण मारी' यातलंच तारणं आहे, बुडणाऱ्याला पैलतीरी नेणं. ग्रीकमधला 'तारणं' हा शब्द तर आजार बरा करण्यासाठीही वापरतात. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईला येशू म्हणतो, 'तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे'. तिथे मुळात शब्द तोच आहे. तो कानात ठेव, म्हणजे न्यायालय, बँक आणि कसाईखाना या तिन्हींतून थोडं बाहेर पडता येईल.

खंडणी कुणाला दिली, हा प्रश्न तुझ्याआधी सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपनेच विचारला होता. चौथ्या शतकातला नाझियान्झसचा ग्रेगरी. तो म्हणतो, सैतानाला दिली म्हणावं तर लाजिरवाणं आहे, लुटारूला देवच मोबदला म्हणून मिळाला! पित्याला दिली म्हणावं तर कशासाठी? आपण पित्याच्या कैदेत नव्हतोच. आणि ज्याने अब्राहामाच्या हातून त्याचा मुलगा इसहाकही बळी म्हणून घेतला नाही, त्याच्या जागी मेंढा दिला, तो पिता आपल्या पुत्राच्या रक्ताने कसा सुखावेल? तुझ्या मुलीने विचारलेला प्रश्न हाच आहे. ग्रेगरीला पूर्वेकडच्या मंडळ्या आजही 'ईश्वरज्ञानी' या पदवीने ओळखतात. तेव्हा असा प्रश्न पडला म्हणून आपण विश्वासातून घसरलो, हे मनातून काढून टाक.

जुन्या करारातल्या यज्ञांबद्दल एक छोटी गोष्ट सांगते, ती मला फार उशिरा दिसली. लेवीय १७:११ मध्ये देव म्हणतो, शरीराचं जीवन रक्तात आहे आणि ते वेदीवर तुमच्या प्रायश्चित्तासाठी मी तुम्हाला दिलं आहे. 'मी तुम्हाला दिलं आहे.' आपण समजतो, माणूस रक्त देतो आणि देव घेतो. तिथे उलट लिहिलं आहे. देणारा देव आहे, आणि रक्त म्हणजे तिथे मरण नाही, जीवन.

तरीही एक टोचणी उरतेच. नुसतं 'जा, माफ केलं' म्हणून देवाला मोकळं होता आलं नसतं का? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, घरात मिळालं. जवळच्या नात्यातल्या एका माणसाने माझी बरीच मोठी रक्कम बुडवली. तीन वर्षांनी मी त्याला माफ केलं आणि लिहून घेतलेला कागद त्याच्यासमोर फाडला. कागद फाडायला क्षणही लागला नाही. पण ते पैसे हवेत विरले नाहीत. त्याच्या डोक्यावरचा भार उतरला तो माझ्या डोक्यावर आला. त्या वर्षी काय काय करायचं राहिलं ते मीच जाणते. आणि पैशापेक्षा जड होतं ते त्याच्याशी पुन्हा सरळ बोलणं, मनात हिशेब न उघडता. तेव्हा कळलं, की फुकट क्षमा अशी नसतेच. घेणाऱ्याला ती फुकट असते, कारण देणाऱ्याने मोल भरलेलं असतं. क्रुसाकडे मी तेव्हापासून असं पाहते. देवाने क्षमेसाठी कुणाकडून मोल मागितलं नाही. क्षमा करताना जे सोसावं लागतं ते देवाने देहात, उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सोसलं.

हे माझं पाहणं झालं. मंडळीच्या इतिहासात आणखीही पाहणी आहेत, आणि ती तुला माहीत असावीत, कारण तुला एकच दाखवलं गेलं आहे.

सगळ्यात जुनं विजयाचं. पाप आणि मरण यांनी माणसाला बांधून ठेवलं होतं, ख्रिस्त मरणात शिरला आणि आतून त्याचा तुरुंग फोडला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत पुनरुत्थानाचं जे पवित्र चित्र असतं, त्यात मोडलेल्या दारांच्या फळ्या पायाखाली पडलेल्या असतात आणि ख्रिस्त आदाम-हव्वेला थडग्यातून ओढून काढत असतो. बारकाईने बघशील तर त्याने पुष्कळदा त्यांचं मनगट धरलेलं दिसेल. हातात हात असता तर पकड दोघांची झाली असती. मनगट धरलं की पकड एकाचीच. कृपा म्हणजे काय हे मला शेकडो प्रवचनांपेक्षा त्या मनगटाने जास्त शिकवलं. तुझ्या मुलीला ते चित्र जरूर दाखव.

मग अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म आला. 'देव मनुष्य का झाला' या १०९८ साली पूर्ण झालेल्या ग्रंथात त्याने मांडलं, की पापाने देवाचा मान हिरावला, ते ऋण फेडायला हवं माणसाने, पण फेडू शकतो फक्त देव, म्हणून देव-मनुष्य. पुढच्याच पिढीत आबेलार या फ्रेंच विचारवंताने, निरपराधाचं रक्त मोल म्हणून मागणं किती क्रूर वाटतं, असं उघड लिहिलं. त्याचं म्हणणं, क्रूस आपल्यात देवाविषयी प्रीती पेटवतो आणि तीच आपली सुटका. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी, विशेषतः काल्व्हिनने, भर दिला तो शिक्षेवर: आपल्या वाट्याची शिक्षा ख्रिस्ताने आपल्या जागी भोगली. पुलाची गोष्ट याच वाटेवरून आली आहे, पण वाटेत तिने एक मोठी गोष्ट सांडली. पुत्राच्या मरणामुळे देव आपल्यावर प्रीती करू लागला असं समजू नका, त्याची प्रीती आधीची आहे, असं चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन सांगतो, आणि काल्व्हिन त्याचाच आधार घेऊन तेच बजावतो. रागावलेला बाप आणि मध्ये पडणारा मुलगा ही जोडी त्यांनाही मान्य नव्हती.

शिक्षेच्या या मांडणीला मी टाकाऊ म्हणणार नाही. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे त्याला जाऊन विचार. 'जाऊ दे, विसर' एवढंच म्हणणारा देव त्याला नको असतो. वाईटाला वाईट म्हणणारं कुणी तरी हवं असतं. पौल देवाच्या क्रोधाबद्दल बोलतो तो यासाठीच, आणि तो शब्द खोडून टाकावा असं मला वाटत नाही. फक्त तो क्रोध पापावरचा आहे. डॉक्टर आजारावर चिडतो तसा. रोग्याला वाचवण्यासाठीच तो चिडलेला असतो.

आश्चर्य वाटेल, पण या सगळ्यांपैकी एकाच मांडणीवर अखिल मंडळीने कधीच शिक्कामोर्तब केलं नाही. ख्रिस्त कोण आहे यावर ३२५ पासून ४५१ च्या खाल्केदोनच्या सभेपर्यंत मोठमोठे वाद झाले, शब्द तोलून मापून ठरवले गेले. पण त्याच्या मरणाने तारण नेमकं कसं होतं, यावर निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, एवढंच आहे: आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी तो उतरून आला, पंतय पिलाताच्या वेळी आमच्यासाठी त्याला क्रुसावर खिळलं. 'आमच्यासाठी.' कसं, ते मोकळं सोडलं आहे. नव्या करारातही बाजारातलं मोल आहे, मंदिरातला यज्ञ आहे, न्यायालय आहे, रणांगण आहे, तुटलेलं नातं जुळणं आहे. आणि पौल एकाच परिच्छेदात यातली तीन-तीन चित्रं वापरून पुढे जातो.

तेव्हा तुझा शेवटचा प्रश्न. पुलाची गोष्ट पटत नाही, तर तारण झालं आहे का?

येशूच्या शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराकडे पाहा. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. खंडणी कुणाला, ऋण कुणाचं, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. ते ग्रंथ लिहिले जायला अजून शतकं होती. तो इतकंच म्हणाला, 'येशू, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर.' उत्तर आलं, 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' त्याने एका माणसाकडे वळून हाक मारली, तेवढ्यावर.

विश्वासाने तारण की कृत्यांनीही, यावर पश्चिमेकडची मंडळी दुभंगली हे तू ऐकलंच असशील. जर्मन धर्मसुधारक लूथरने रोमकरांस ३:२८ चं भाषांतर करताना 'विश्वासाने'च्या आधी 'केवळ' हा शब्द घातला, आणि १५४७ साली ट्रेंटच्या कॅथलिक सभेने त्याला सविस्तर उत्तर दिलं. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक यांनी एकत्र सही करून मान्य केलं, की देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने, आणि ती कृपाच आपल्याला सत्कृत्यांकडे नेते. सगळे मतभेद मिटले नाहीत. पण साडेचारशे वर्षं ज्यावरून एकमेकांना शाप दिले, त्याचा गाभा दोघांनी एका कागदावर लिहिला, हे मला फार मोठं वाटतं.

आणि 'झालं आहे की नाही' हा प्रश्न तू परीक्षेच्या निकालासारखा विचारते आहेस. नवा करार तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो. इफिसकरांस म्हणतो, तुमचं तारण झालेलं आहे. करिंथकरांस म्हणतो, ज्यांचं तारण होत आहे ते आपण. रोमकरांस म्हणतो, आपलं तारण होईल. पुरातून ओढून काढलेल्या माणसासारखं समज. तो वाचला आहे, त्याच्या पोटातलं पाणी अजून काढलं जातं आहे, आणि घरी पोचायचा आहे. तुला सध्या प्रार्थना जमत नाही, यामुळे यातलं काही रद्द होत नाही. मनगट कुणी धरलं आहे ते आठव.

आता घरातलं. मुलीने विचारलं की येशूला कुणी मारलं, तर खरं सांग: माणसांनी. मित्राने पकडून दिलं, अधिकारी घाबरले, रोमी सुभेदार पिलाताने हुकूम दिला, शिपायांनी खिळे ठोकले. 'यहुद्यांनी मारलं' असं मात्र सांगू नकोस. क्रुसावर चढवणं ही रोमी सत्तेची शिक्षा होती, गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी. आणि त्या खोट्या आरोपापायी शतकानुशतकं निरपराध माणसं मारली गेली आहेत. मग सांग, की देवाने त्याला पुन्हा उठवलं. मारणारे कोण आणि उठवणारा कोण, हे मुलाला पहिल्या दिवसापासून स्पष्ट हवं. येशूचा शिष्य पेत्र याने पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी केलेल्या भाषणात ते याच क्रमाने सांगितलं आहे. देवाच्या संकल्पाचा उल्लेखही तो तिथे करतो, पण ती गाठ सोडवायला मुलगी मोठी होऊ दे.

'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे वाक्य तिने ऐकलं असेल आणि तिला तेच डाचत असेल, तर तिच्यासोबत बाविसावं स्तोत्र शेवटपर्यंत वाच. येशू त्याची पहिली ओळ म्हणत होता. चोविसाव्या वचनात आहे, की देवाने आपलं मुख लपवलं नाही, हाक मारली तेव्हा ऐकलं. हे वाचून त्या आक्रोशाची धार बोथट करू नकोस, तो खरा होता. पण तो ऐकणाऱ्याला मारलेला आक्रोश होता.

रविवारच्या शाळेतल्या बाईंना भेट, एकटीने, मुलीला न नेता. चूक काढायला जाऊ नकोस. गोष्टीचा परिणाम काय झाला एवढंच सांग आणि मुलीचा प्रश्न तिच्याच शब्दांत त्यांच्यापुढे ठेव. त्यांनीही तो कधी तरी मनातल्या मनात विचारला असण्याची शक्यता आहे.

'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सध्या तिच्याकडून म्हणवून घेऊ नकोस. तिला 'येशू' म्हणता येत असेल तर तेवढंच म्हणू दे. आणि पुलाच्या गोष्टीच्या जागी तिला लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट वाचून दाखव. मुलगा अजून दूर आहे, त्याने क्षमा मागितलेली नाही, आणि बाप धावत सुटतो. तिथेच पुस्तक मिट. तिला विचार, बाप का धावला असेल. ती काय म्हणाली ते मला लिहून कळव.